अणुगर्भ उन्हाला दाद देतो काय?

सुर्जी-अंजनगावचा तह ३० डिसेंबर १८०३ रोजी झाला, हे दप्तरावरून निर्विवाद ठरते. परंतु गावाच्या उत्तरेस गाविलगडच्या डोंगरांत थरांवर थर रचलेला जो काळा पाषाण आहे, त्याच्या वयास मात्र कागदाचा आधार नसून पोटॅशियम-४० या किरणोत्सारी समस्थानिकाची साक्ष काढावी लागते. या समस्थानिकाचे निम्मे अणू सरण्यास १२५ कोटी वर्षे लागतात. त्यांतील शेकडा अकराच्या सुमारास आर्गॉन होतात, बाकीचे कॅल्शियम. खडकात कोंडलेला आर्गॉन मोजूनच दख्खनच्या पाषाणाचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे, आणि लोणारच्या विवराचे, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मापनाप्रमाणे, सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे ठरले आहे.

हा साक्षीदार उष्णतेने वा दाबाने फितूर होत नाही कशावरून? वैशाखात पारा पंचेचाळिसावर गेला की अंजनगावचे पानमळे सुकू लागतात, पण त्या उन्हाने अणूस लाभणारी ऊर्जा अणुगर्भातील उलाढालीच्या मानाने कोट्यवधी पटींनी तोकडी असते. रदरफर्ड आणि पेटाव्हेल यांनी तर रेडियमपासून निघणारा वायू पोलादी पात्रात कोंडून आत कॉर्डाइटचा स्फोट घडविला. तापमान अडीच हजार अंशांवर आणि दाब हजार वातावरणांवर गेला, तरी त्या वायूचा ऱ्हास आपल्या गतीने चालूच राहिला.

अपवाद आहे, आणि मला तोच अधिक रोचक वाटतो. काही अणुगर्भ आपल्याच भोवतीचा एक इलेक्ट्रॉन गिळून रूपांतर पावतात. बेरिलियम-७ हा त्यांपैकी. त्याच्यापाशी इलेक्ट्रॉन अवघे चार, म्हणून तो कोणत्या संयुगात आहे यावर त्याच्या ५३ दिवसांच्या अर्धायुष्यात किंचित, फार तर शेकडा एखादा, फरक पडतो. येथे जिज्ञासूच्या मनात पाल चुकचुकावी, कारण पोटॅशियमचे आर्गॉन होते तेही प्रायः याच मार्गाने! मात्र पोटॅशियमचे इलेक्ट्रॉन एकोणीस, गिळला जाणारा बहुधा अगदी आतला, आणि बाराशे अंशांच्या लाव्हारसाची मजल बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपलीकडे जात नाही.

सगळेच इलेक्ट्रॉन काढून घेतले तर? जर्मनीतील डार्मस्टाट येथे १९९६ साली रेनियम-१८७ चे पंचाहत्तरही इलेक्ट्रॉन हिरावले, तेव्हा चार हजार कोटी वर्षांहून अधिक असलेले त्याचे अर्धायुष्य सुमारे तेहतीस वर्षांवर आले. ताऱ्यांच्या प्रखर अंतर्भागात रेनियमचे पुष्कळसे इलेक्ट्रॉन असेच गळून पडतात; त्यामुळे याच रेनियमवरून आकाशगंगेचे वय काढू पाहणाऱ्या ज्योतिर्विदांना ही वजावट हिशेबात धरणे भाग पडते.