हिरव्या बाटलीआधीची दारू

कोरियन मालिका पाहणाऱ्यांना सोजूची हिरवी बाटली आता पाठ झाली आहे. प्रेमभंग असो की बढती, ती टेबलावर येतेच. पण कोरियाची जुनी दारू ती ही नव्हे. बाटलीतली सोजू म्हणजे रताळी, टॅपिओका अशा स्वस्त मालातून काढलेल्या मद्यार्कात पाणी आणि गोडी घालून केलेलं पेय.

जुनी दारू घरात व्हायची, बहुतेक बायकांच्या हातची. भरडलेला गहू ओला करून त्याच्या दाबून चकत्या करायच्या आणि त्या उबेत ठेवायच्या. हवेतली बुरशी आणि यीस्ट त्यावर वस्ती करतात. हे झालं नुरुक. वाफवून निववलेल्या तांदळात ते कुटून कालवायचं, पाणी घालून मडक्यात भरायचं. बुरशी पिष्टाची साखर करते, यीस्ट त्या साखरेची दारू; दोन्ही कामं एकाच मडक्यात, एकाच वेळी चालतात. वरची निवळ ती छंगजू. गाळासकट ढवळून, पाणी घालून गाळली की दुधाळ माकगोली. ऊर्ध्वपातनाची विद्या तेराव्या शतकात मंगोलांबरोबर आली आणि तिच्यातून खरी सोजू जन्मली. आंदोंग शहराची सोजू आजही ४५ टक्क्यांची असते.

पूर्वजांच्या पूजेत ही दारू वाहतात आणि विधी संपला की घरातले सगळे ती प्रसादासारखी घेतात. म्हणूनच ती घरी करण्यावर पुढे आलेली बंदी मला केवळ कराचा प्रश्न वाटत नाही. जपानी वर्चस्वाखाली १९०९ मध्ये मद्यकराचा कायदा आला, १९१६ मध्ये तो कडक झाला, १९३४ मध्ये घरगुती परवानेच संपले. स्वातंत्र्यानंतरही बंदी उठली नाही. उलट १९६५ मध्ये धान्यटंचाईपायी दारूसाठी तांदूळ वापरायलाच मनाई झाली. माकगोली गव्हाच्या पिठाची झाली आणि बाजार हिरव्या बाटलीच्या हाती गेला. घरी दारू गाळायची मुभा परत मिळाली ती थेट १९९५ मध्ये. तोवर हातांतच जगणाऱ्या कितीतरी कृती त्या हातांबरोबर गेल्या होत्या. ही हानी भरून येणारी नाही.

पिण्याची रीत मात्र टिकली. पिणं थोरांकडून शिकायचं, असं कोरियन माणूस मानतो. वडीलधाऱ्यांना दोन्ही हातांनी ओतायचं, त्यांच्यासमोर मान वळवून प्यायचं, स्वतःचा पेला स्वतः भरायचा नाही. यात आदर आहे. पण साहेबाने भरलेला पेला नाकारता येत नाही तेव्हा त्याच रीतीचा जाच होतो, आणि तरुण पिढी त्याला विरोध करते ते योग्यच आहे.

जुनी कृतीही पुरती गेलेली नाही. बुसान शहरातल्या गम्जंग डोंगरावरच्या गावात नुरुक अजून पायांनी तुडवून करतात. तिथल्या माकगोलीला १९७९ मध्ये लोकमद्य म्हणून सरकारी मान्यता मिळाली. २०२१ मध्ये माकगोली करण्याची कलाच राष्ट्रीय अमूर्त वारसा ठरली. ती मागणी नागरिकांनीच केली होती. या वारशासाठी कोणा एका कारागिराला किंवा घराण्याला मानकरी नेमलं गेलं नाही, कारण ही कला देशभरातल्या घरांची आहे.