रुतलेला ट्रॅक्टर

शहर आता पडेगावाला येऊन भिडले आहे. तरी मिटमिटा, शरणापूर करीत दौलताबादेकडे निघालो, की अजून शेते लागतात. पूर्वी या वाटेने बैलगाड्या जात. गाडी रुतली, की बैल आपणहून थांबत. ट्रॅक्टरला ती समज नाही. ती चालवणाऱ्यालाच हवी.

आपली काळी माती पाणी पिऊन फुगते. वरून सुकली, तरी आत लोण्यासारखी मऊ असते. म्हणून वाडवडील वापसा आल्याशिवाय शेतात औत घालीत नसत. वापसा ट्रॅक्टरलाही हवा, बरे का! मूठभर माती दाबून पहा. हाताला चिकटली, तर ट्रॅक्टर घरीच राहू द्या.

पण समजा, रुतलाच. मग चालवणारा जोर वाढवतो. चाक जागीच फिरते आणि आपला खड्डा आपणच खणते. तेवढ्यात कोणी म्हणतो, "चाकाला ओंडका बांध, निघेल वर!" हा सल्ला जिवावरचा आहे. कसा, ते पाहू.

इंजिन मागची चाके फिरवते. चाके फिरली, की ट्रॅक्टर पुढे जातो. पण चाके अडकली, तर इंजिनाचा जोर जाईल कुठे? मग चाके जागीच राहतात आणि सगळा ट्रॅक्टर त्यांच्याभोवती फिरू लागतो. तोंड वर उठते. बैलगाडी मागे जड झाली, की उलाळ होते ना? तसाच ट्रॅक्टर उलाळ होतो. तोंड उठल्यापासून सुमारे पाऊण सेकंदानंतर क्लच दाबूनही तो सावरत नाही. दीड सेकंदात तो पाठीवर पडतो, आणि चालवणारा त्याच्याखाली. "अरे अरे" म्हणायलाही वेळ मिळत नाही. स्वीडन देशाने १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरांवर चालवणाऱ्याच्या रक्षणासाठी मजबूत चौकट सक्तीची केली. आपल्या ट्रॅक्टरला अशी चौकट असेल, तर सीटचा पट्टाही बांधावा. नाहीतर माणूस चौकटीबाहेर फेकला जातो.

मग करावे काय? आधी इंजिन बंद. ट्रॉली सोडा. फावड्याने चाकांमागची माती उतरती काढा. पऱ्हाट्या, तुराट्या, मुरूम चाकांमागे पसरा. चाकाला मात्र काही बांधू नका. सगळे बाजूला झाले, की रिव्हर्स गिअरमध्ये हळूच मागे घ्या. मागे घेताना तोंड उठत नाही, उलट जमिनीकडे दाबले जाते.

तरीही निघेना, तर दुसरा ट्रॅक्टर आणावा. तो टणक जमिनीवर उभा करा. साखळी त्याच्या खालच्या हुकालाच लावा, ट्रॉली जोडतो तिथे. वर एक्सलला किंवा सीटजवळ बांधली, तर ओढणाराच उलाळ व्हायचा! आधी साखळी हळूहळू ताणून घ्या, मगच ओढा. हिसका देऊ नका. नायलॉनचा दोर तर रबरासारखा ताणतो. तो तुटला, की त्याचा हूक गोफणीतल्या धोंड्यासारखा सुटतो. म्हणून दोराच्या मधोमध ओले पोते टाकावे. ते थोडाफार झटका खाते.

आणि बघे! ट्रॅक्टर रुतला, की अर्धा गाव जमतो. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणीही उभे राहू नये. दोराच्या रेषेत तर नाहीच. पोरे हटकून पुढे येतात. त्यांना आधी बांधापलीकडे पाठवा, आणि मगच क्लच सोडा.