खंड्याची समाधी, बंड्याचा फोटो

आमचा बंड्या चौदा वर्षांचा होऊन गेला. म्हणजे आमच्या लेकीपेक्षा दोन वर्षांनी मोठाच. शेवटी शेवटी त्याला जिना उतरवेना, तेव्हा आम्ही त्याला चादरीत घालून खाली न्यायचो. तो गेला आणि आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात दुपारची बेल वाजली तरी कुणी भुंकेना.

भेटायला येणारे म्हणायचे, "अहो, कुत्रंच होतं ना? दुसरं आणा की!" हे ऐकलं की लेक ताटावरून उठायची.

एक दिवस तिनं बंड्याचा फोटो भिंतीवर आजोबांच्या फोटोशेजारी लावला. आजी म्हणाली, "माणसांच्या रांगेत कुत्रा? नाही हं, मला नाही चालणार." फोटो उतरला. दोन दिवस आजी-नात बोलल्या नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याला गेलो, तेव्हा मी सगळ्यांना संगम माहुलीला नेलं. साताऱ्याजवळच, कृष्णा आणि वेण्णा जिथं मिळतात तिथं हे गाव आहे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे माहुलीचेच, बरं का! संगमावर छत्रपती शाहू महाराजांची समाधी आहे. (कोल्हापूरचे राजर्षी शाहू वेगळे. हे शिवरायांचे नातू. शनिवारवाडा बांधणारे पहिले बाजीराव यांचेच पेशवे.) आणि जवळच आहे एका कुत्र्याची समाधी! दगडात घडवलेला कुत्रा. लोक त्याचं नाव खंड्या सांगतात.

"खंड्या, बंड्या..." लेक हळूच म्हणाली.

गोष्ट अशी सांगतात, की शिकारीत महाराजांवर वाघ चालून आला आणि या कुत्र्यानं त्यांचा जीव वाचवला. महाराजांनी मग त्याच्या नावे चक्क जहागिरीची सनद काढली, वर पालखीचा मान दिला! साताऱ्यात रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्यानं मराठ्यांच्या इतिहासावरच्या १८२६ च्या पुस्तकात हे लिहून ठेवलंय. एकदा तर महाराजांनी सरदारांसमोर कुत्र्याला जरीचे कपडे नि दागिने घातले आणि स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. डफसाहेबाला हा राजाचा लहरीपणा वाटला. मला नाही तसं वाटत. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा शाहू सात वर्षांचे होते. तिथून थेट १७०७ पर्यंत मोगलांच्या कैदेत! एवढी वर्षं परक्यांच्या छावणीत काढलेल्या माणसाला, न मागता जीव लावणाऱ्याची किंमत आपल्यापेक्षा जास्तच कळली असेल. महाराज १७४९ मध्ये गेले. त्यांच्या सरदारांपैकी कितीजणांच्या समाध्या आज आपल्याला ठाऊक आहेत? कुत्र्याची मात्र आहे.

आजी सगळं ऐकत होती. म्हणाली, "राजाचं वेगळं. राजानं काहीही करावं."

मग येताना गाडीत मी तिला झंजीरची गोष्ट सांगितली. हा लॅब्रॅडॉर आपल्या पुण्यातच, गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकला आणि मुंबई पोलिसांत गेला. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्यानं नुसत्या हुंगण्यावर ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिलं. किती माणसं वाचली असतील, कोण मोजणार! १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कर्करोगानं तो गेला, तेव्हा पोलिसांनी फुलं वाहून त्याला मानानं निरोप दिला.

"आपल्या बंड्यानं कुठं असं काही केलं?" लेक म्हणाली. तिचा आवाज जड झाला होता.

आजी खिडकीबाहेर बघत होती. खंबाटकी घाट उतरेपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "तुला कांजिण्या आल्या होत्या ना, तेव्हा पाच दिवस तुझ्या खाटेखालून हलला नव्हता मेला. मीच तिथं भाकरी नेऊन द्यायची."

घरी आल्यावर आजीनं फोटो मागितला. आजोबांच्या शेजारी नाहीच लावू दिला! दारापाशी, चपलांच्या कपाटावर जागा दाखवली. बंड्या तिथंच झोपायचा. लेक स्टुलावर चढली आणि आजी खालून स्टूल धरून सांगत होती, "जरा खाली घे अजून. त्याला येणारा-जाणारा दिसायला नको का?"