भाषणाची सुरुवात कशी करावी?

३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंती. खुटबाव असो की दुसरं कुठलं गाव, मुलांच्या भाषणांची सुरुवात बहुतेक एकच असते: "अध्यक्ष महाशय, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, मी जे दोन शब्द सांगणार आहे ते शांतपणे ऐकावेत..." यातला एक शब्द विसरला की मूल तिथंच अडकतं. रडवेलं होऊन खाली बसतं आणि पुढच्या वेळी नावच देत नाही.

म्हणून संबोधन एका ओळीत संपवा. त्यानंतरचं वाक्य मुलाच्या डोळ्यांसमोर उभं राहील असं निवडा.

१) प्रश्न विचारा : "शाळेत येताना कुणी अंगावर शेण फेकलं, तर उद्या तुम्ही शाळेत याल का?"

२) वस्तू दाखवा : हातात घडी केलेली साडी. "सावित्रीबाई शाळेत जाताना अशी एक जादा साडी सोबत नेत."

३) तारखेने सुरुवात करा : १ ऑगस्ट १९२०. याच दिवशी लोकमान्य टिळक गेले आणि वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले.

नायगावचा जन्म, १८३१ साल, १८४८ ची भिडेवाड्यातली मुलींची शाळा ही माहिती त्यानंतर सांगावी. तोवर सगळे ऐकू लागलेले असतात.

पालकांनो, मोबाईलवरचं भाषण जसंच्या तसं पाठ करून घेऊ नका. निदान पहिली दोन वाक्यं मुलाला त्याच्या शब्दांत बोलू द्या. स्वतःचं वाक्य सहसा विसरत नाही. सुरुवात जमली की धीर येतो, आणि पुढचं भाषण मूल आपणच ओढून नेतं.