बंद दाराआडची पुस्तके

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ, नाकाडोंगरी हे गाव वसलेले आहे. आसपास जंगल, धानाची शेते आणि जवळच डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजची खाण. पुण्या-मुंबईच्या थोर ग्रंथसंग्रहालयांपासून हा प्रदेश फार दूर. पण मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे टाळेबंदी झाली आणि शहरातला वाचकही ग्रंथांपासून तितकाच दूर गेला.

त्या वेळी राज्यात सुमारे १२,००० शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये होती. ती बंद झाली. ग्रंथालयातील पुस्तक हातोहात फिरते. आज एकाच्या उशाशी, तर उद्या दुसऱ्याच्या मांडीवर! हा त्याचा गुणच साथीच्या दिवसांत भीतीचे कारण ठरला. कित्येक देशांत परत आलेली पुस्तके काही दिवस वेगळी ठेवीत. ही साथ मुख्यतः हवेतून पसरते, वस्तूंच्या स्पर्शाने क्वचितच, हे पुढे स्पष्ट झाले.

तोवर वाचनाने दुसरी वाट धरली होती. ग्रंथाच्या पानापानाची प्रतिमा घेऊन ती इंटरनेटवर ठेवली, की एकच प्रत एकाच वेळी हजारो घरांत उघडता येते. सुदैवाने हे काम साथीपूर्वीच सुरू झालेले होते. मराठी विश्वकोश, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे अनेक ग्रंथ, बालभारतीची पाठ्यपुस्तके ही सर्व विनामूल्य उपलब्ध होती. व्याख्याने आणि कथाकथनही पडद्यावरून होऊ लागले.

मग कपाटातील सगळीच पुस्तके या वाटेने का पाठविली नाहीत? याचे कारण कायद्यात आहे. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे त्याच्या लेखनावर वारसांचा हक्क राहतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले. म्हणून २०११ पासून ‘श्यामची आई’ कोणासही छापता येते, इंटरनेटवरही ठेवता येते. आजच्या लेखकाचे पुस्तक मात्र त्याच्या परवानगीवाचून असे वाटता येत नाही, आणि ते न्याय्यच आहे. लेखकालाही पोट असते.

दुसरी अडचण अधिक कठीण होती. ग्रंथालयाचे दार श्रीमंत-गरीब सर्वांसाठी सारखेच उघडते. या नव्या दाराला मात्र भ्रमणध्वनी, वीज आणि संदेशवहनाची लहर अशा तीन किल्ल्या लागतात. घरातला एकुलता एक भ्रमणध्वनी घेऊन वडील कामावर गेले, की ते दार सायंकाळपर्यंत बंद. रानालगतच्या वस्त्यांत तर लहर मिळावी म्हणून कित्येक मुलांना उंचवट्यावर जाऊन बसावे लागे. कपाटातील पुस्तकाला यांतले काहीच लागत नाही. दिवसाचा उजेड पुरतो.

१५ ऑक्टोबर २०२० पासून ग्रंथालये उघडण्यास राज्यशासनाने परवानगी दिली. योगायोग असा, की डॉ. अब्दुल कलाम यांचा हा जन्मदिवस महाराष्ट्रात ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो. तोंडाला मुखपट्टी बांधून, अंतर राखून वाचक पुन्हा कपाटांपाशी आले. इंटरनेटवरचे ग्रंथही जागच्या जागी राहिले. विश्वकोशातील ‘मँगनीज’ ही नोंद आता नाकाडोंगरीच्या मुलालाही उघडता येते, लहर असेल तेव्हा.