खिळा नको, स्क्रू मार

कॉटन ग्रीन स्टेशनातून उतरून गोदामांच्या गल्लीत शिरलं की भर दुपारीही ट्रकांची रांग हलत नाही. कुलाब्याचा कापूसबाजार शंभरेक वर्षांपूर्वी इकडे आला, तेव्हा इथे गाठींच्या थप्प्या असायच्या. आता पंखे, फरशा, औषधांचे खोके, काय वाटेल ते. आज एका ट्रान्सपोर्टच्या फलाटावर तीन म्हातारे टीव्ही बसलेत. त्यांना इंदूरला जायचंय, जुन्या वस्तूंचा नाद असलेल्या एका मराठी गृहस्थांकडे.

मधला सगळ्यांत थोराड. चार पाय, लाकडी पेटी, पुढे सरकतं शटर आणि शटरला चक्क कुलूप. मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्यानंतरच्या दहा वर्षांतला हा माल. ‘गजरा’ बघायला अख्खा मजला ज्याच्यासमोर मांडी घालून बसायचा, तो हाच. त्याच्या एका बाजूला लाल प्लॅस्टिकचा चौदा इंची पोर्टेबल, दुसऱ्या बाजूला रंगीत ओनिडा. या दोघांची कुणाला फारशी काळजी नाही.

लालबागहून आलेले मेकॅनिक काका थोराड्याचं मागचं झाकण उघडतात. धुळीचा भपकारा येतो. आधी ते एक वायर चॅसीला जोडतात, तिचं दुसरं टोक स्क्रूड्रायव्हरला, आणि एक हात पाठीमागे ठेवून पिक्चर ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली टोक सरकवतात. काहीच होत नाही. “कित्येक वर्षं बंद आहे, होणार काय? पण सवय,” काका म्हणतात. चालू असताना या टोपीखाली हजारो व्होल्ट असतात, आणि बंद केल्यावरही काही काळ मुक्काम ठोकून राहतात.

“हे बघा,” ते मला बोलावतात. ट्यूब पुढे परातीएवढी रुंद, मागे निमुळती होत होत अंगठ्याएवढी. आत पोकळी, म्हणून बाहेरची हवा सगळीकडून दाबतेय. वीस इंची पडद्यावर टनभराहून जास्त भार. पुढची काच जाड असते, ती सोसते. दगा देते ती मागची मान. ती तडकली की हवा आत शिरते आणि खेळ खलास. लोक मात्र पडद्याला गाद्या बांधतात आणि मान उघडी टाकतात.

काका आतले व्हॉल्व्ह एकेक करून उपटतात, सॉकेटवर आणि कागदाच्या पुडीवर तोच आकडा घालतात. मग ट्यूबचे चार कोपऱ्यांतले स्क्रू. दोन ढिले निघतात. लाकूड वाळलंय, स्क्रूची पकड गेलीय; असाच गेला असता तर कसारा घाटातच ट्यूब आत नाचली असती.

आता पॅकिंगवाल्या मामांची पाळी. मामा पाटणकडचे, उभं आयुष्य फलाटावर गेलेलं. पोरगा बबल रॅप घेऊन पुढे येतो तसे ते खेकसतात, “आरं, पॉलिशवर त्याचं डाग उठत्यात! आदी धोतर.” धुतलेलं जुनं धोतर, त्यावर फोम, मग पुठ्ठा. पाय सोडवून वेगळे बांधले जातात, चॅनेलचं बटण काढून चिंधीत. थर्माकोलचे मणी मामा चालू देत नाहीत. जाळीतून आत शिरले की काढता नाकी नऊ.

लाकडी पेटीत टीव्ही उभाच उतरतो, चहूबाजूंनी चार बोटं फोम. आडवा घालायची वेळ आलीच तर तोंडावर पाडायचा, पाठीवर कधीच नाही, कारण सगळं वजन तोंडाकडे. पोरगा वरची फळी ठेवतो आणि हातोडी उचलतो.

“खिळा नको! स्क्रू मार.”

आत काच, आणि वर ठोकाठोक? प्रवासातल्या शेकडो किलोमीटरचा धसका सगळ्यांना असतो, फलाटावरच्या हातोडीचा कुणालाच नाही. पोरगा ओशाळून ड्रिल शोधायला जातो.

पेटीवर लाल रंगात पेल्याचं चित्र, वर बाण, आणि फुली मारलेला आकडा. गाठी ओढायचे लोखंडी आकडे अजून इथल्या भिंतींना लटकलेले आहेत, आणि सवयीचा हात कधी कुठे जाईल याचा नेम नाही.

बिल्टी लिहिणारा कारकून विचारतो, “किंमत किती टाकू? भंगारात दोनशे पण नाय यायचे.” आणि उत्तराची वाट न बघता ‘मालकाच्या जोखमीवर’चा शिक्का हाणतो. हा शिक्का मात्र तो फार जोरात हाणतो.

गाडीत जागेवरून पुन्हा वाद. ड्रायव्हरला पेट्या शेवटी, फाळक्याजवळ हव्यात, उतरवायला सोप्या. मामा अडून बसतात. मागच्या चाकांपलीकडचा भाग खड्ड्यात सगळ्यांत जास्त उडतो. पेट्या केबिनच्या भिंतीला लागतात, टीव्हीचं तोंड भिंतीकडे, वर काहीही रचायचं नाही. ड्रायव्हर कुरकुरत दोरी आवळतो.

काका माझ्या फोनवरून इंदूरला बोलतायत. “पोचल्या पोचल्या बटण दाबू नका. आधी मागचं झाकण काढा, मान बघा, व्हॉल्व्ह आकड्यांप्रमाणे बसवा. आणि हो, कुलपाची किल्ली पाकिटात टाकलीय, पाकीट ड्रायव्हरकडे आहे.”