घासून न जाणारा डाग

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या आसपास काही गावांत शाळकरी पोरांच्या पुढच्या दातांवर आडवे, खडूसारखे पांढरे पट्टे दिसतात. काहींचे दात तपकिरी पडलेले असतात. 'दात घासत नाहीस का रे?' असे कुणी विचारले की पोर ओठ मिटून घेते. हा आरोप अन्यायाचा आहे. ते डाग मळाचे नाहीत, पाण्याचे आहेत.

इथल्या खडकातले फ्लोराइड भूजलात उतरते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरे पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. जन्मापासून साधारण आठव्या वर्षापर्यंत कायमच्या दातांचे कवच हिरडीच्या आत घडत असते. त्या वयात जास्त फ्लोराइड पोटात गेले की कवच सदोष बनते आणि दात डाग घेऊनच उगवतो. पाणी उकळून फायदा नाही. आटले की फ्लोराइडचे प्रमाण उलट वाढते. तुरटी आणि चुना वापरून ते काढण्याची 'नलगोंडा' पद्धत नागपूरच्या 'नीरी' या संशोधन संस्थेने विकसित केली.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याने १९०१ पासून असेच तपकिरी दात पाहिले. कारण पाण्यातले फ्लोराइड आहे, हे कळायला १९३१ साल उजाडले. मॅकेंनी आणखी एक गोष्ट हेरली होती: हे डागाळलेले दात किडत मात्र कमी. टूथपेस्टमध्ये फ्लोराइड आले ते याच शोधाच्या वाटेने. म्हणून फ्लोराइडच्या गावातही पेस्ट टाकून देऊ नये, फक्त ती गिळली जाऊ नये. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरते, आणि ब्रश मोठ्या माणसाच्या देखत व्हावा.

डाग जावा म्हणून राखुंडी, कोळसा, मीठ, वीटकरीचा भुगा लावून रगडणाऱ्यांना कळकळीने सांगावेसे वाटते: डाग तसाच राहतो, झिजते ते कवच. मग थंड पाण्याने दात ठणकतात.

ब्रशचे खरे काम हिरडीच्या कडेला आहे. मऊ ब्रश तिरका धरून अर्धे केस दातावर, अर्धे हिरडीच्या कडेवर टेकवायचे. हलक्या हाताने जागच्या जागी थरथरवायचे, मग दाताच्या टोकाकडे झाडून घ्यायचे. आतल्या बाजूलाही तसेच. सगळ्याला दोन मिनिटे लागतात. रात्री झोपण्यापूर्वीचा ब्रश मुळीच चुकवू नये, कारण झोपेत लाळ आटते आणि जंतूंना रान मोकळे मिळते. शेवटी पेस्ट थुंकायची, खळखळून चुळा भरायच्या नाहीत. रक्त आले की लोक ती जागा सोडून घासतात. रक्त बहुधा तिथे साचलेल्या थरामुळे सुजलेल्या हिरडीतून येते. हलक्या हाताने तीच जागा रोज साफ केली तर ते सहसा थांबते. आठ-दहा दिवसांत थांबले नाही तर दंतवैद्य गाठावा.

मशेरीला दात घासणे म्हणू नये, तो तंबाखूच आहे. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे, तरी मशेरी भाजायला तवा तापतोच. आणि विदर्भाचा खर्रा! सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून दिवसभर गालात धरला की सुपारीने गालाचे आतले अस्तर ताठरते. तोंड उघडेनासे होते, तिखट घास झोंबतो. मागच्या दाढेपर्यंत ब्रश पोचत नसेल तर त्याच आठवड्यात तोंड तपासून घ्यावे. या आजारातून कर्करोग होऊ शकतो.